टेबलाच्या पायाखालचं फळकुट

— नाही, नाही, ते वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही, तू तो फोन कितीही पुढे सरकव. ‘आता तिथे सगळं ठीक आहे.’ बघ, निघालं की! पण असं निघालं, वेडावल्यासारखं. असं चालेल तुमच्या साहेबांना? नाही ना? मग राहू दे. आधी ते पाणी पी. मघापासून ग्लास भरून ठेवलाय, तू नुसती बोटं ओली करतेयस. माझ्या घरी आलेल्या माणसाने पाणी प्यायल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही — हा इथला कायदा, मीच केलेला, मीच चालवते. हां. सगळा पी. तळाशी ठेवायचं नाही. आता दुसरा भरते. भरते म्हणजे भरते!

आणि टेबलावर रेलू नकोस गं, डुगडुगतं ते. एक पाय आखूड आहे. वाक जरा, बघ त्या पायाखाली काय सरकवलंय. लाकूड, बरोबर. लाल रंग होता त्याला, आता पुसत आलाय. वर भोक दिसतंय? त्यात दोरी असायची. हेच ते. हेच तुमच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवायचंय ना, खाली माझं नाव लिहून? अगं, मग माझं टेबल कोण धरून ठेवणार — तुमचे साहेब? राहू दे तिथेच. जन्मभर बायकांच्या गळ्यात लोंबलं, आता जरा पायाखाली राहिलं तर काय बिघडलं!

काय म्हणालीस, सुरुवातीपासून सांगू? तुला ठाऊक नाही? मग पुस्तक कसलं काढताय — हक्कांसाठी झटणाऱ्या माणसांशी गप्पा, असंच काहीसं नाव सांगितलंस ना? झटणारी म्हणे. मी काही झटले-बिटले नाही बाई. मला लागली होती. हसू नकोस, खरंच सांगतेय, मला जोराची लागली होती, एवढ्यावरून सगळं सुरू झालं. लिही तसंच. तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय की हे छापायचं कसं याची चिंता पडलीय तुला. आम्हांलाही पडली होती.

कपड्यांचा कारखाना. तोच, ज्याच्या हॉलमध्ये तुम्ही परवा कार्यक्रम घेताय. मी कॉलरवर होते. कॉलर, त्याच्यावर लेबल, पुढच्या बाईकडे सरकव, परत कॉलर. वाचायला मी त्या लेबलांवरच शिकले, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. एकेक अक्षर शेजारणीला विचारायचे, मशीन न थांबवता. आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते ‘कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा’. लोकांची पहिली वाक्यं देवाधर्माची असतात, माझं हे. आता मी रोजचं वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचते आणि चुका काढते. तर आमची लाइन होती, लाइनीत जिकडे बघावं तिकडे बायका, आणि सगळ्यांना मिळून ते एक फळकुट. मुकादमाच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेलं. बाहेर जायचं असलं की हात वर करायचा. त्याचं लक्ष जाईपर्यंत वर ठेवायचा, एका हाताने कापड सावरत. मग तो मान हलवणार — हलवली तर. मग ते गळ्यात घालायचं आणि सगळ्या मजल्यावरून चालत जायचं, छातीवर ती लाल पाटी घेऊन. म्हणजे सगळ्यांना कळावं, ही बाई आत्ता काय करायला चाललीय. एकजण बाहेर असली की बाकीच्यांनी मांड्या आवळून बसायचं. आणि ती परत आली की मुकादम घड्याळाकडे बघून म्हणायचा, ‘काय, झोप काढलीत का बाई?’

मग बायकांनी काय करावं? पाणी सोडलं. घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. उन्हाळ्यात ओठ सालपटायचे, डोकं ठणकायचं, सुई बोटात जायची. पाळीच्या दिवसांत काय व्हायचं ते विचारूच नकोस — विचार, विचार, का नाही विचारायचं? कापडाच्या चिंध्या कमी नव्हत्या, पण बदलायला जायचं कसं, फळकुट दुसरीच्या गळ्यात! माझ्या शेजारी काजवाली बसायची. काज करायची म्हणून काजवाली, खरं नाव हाजरीपुरतं. गरोदर होती तेव्हा ती हात वर करून रडायची. आवाज न करता. हात वर, डोळ्यांतून धार, आणि पायाखाली मशीन चालू —

काय? हात? माझा वर गेला? नाही गं, माशी होती. माश्या फार झाल्यात इथे. दिसत नाही? गेली असेल मग. पी तू पाणी.

तर तेव्हा एक वकीलबाई यायला लागल्या. आठवड्याला एकदा, काजवालीच्या खोलीत, खाली सतरंजी घालून. चष्मा सारखा नाकावर घसरायचा. चांगली बाई, बरं का. आधी मला वाटलं, आली आणखी एक आमचं भलं करायला. म्हणून मी पहिल्या दिवशी तिला टाकून बोलले, ‘तुम्ही येणार, फोटो काढणार, जाणार.’ ती म्हणाली, ‘कॅमेरा नाही माझ्याकडे. तुमच्याकडे असला तर तुम्ही माझा काढा.’ बसली तिथेच. तर ती विचारायची, ‘तुमची तक्रार नक्की काय आहे?’ एवढ्या बायका, एकीच्या तोंडून खरा शब्द फुटेना. एक म्हणाली, बाहेर जायचा त्रास आहे. दुसरी म्हणाली, सोय नाही. तिसरी नुसतीच पदर चावत बसली. वकीलबाई बिचारी लिहू लागली, ‘कामाच्या ठिकाणी महिलांच्या सन्मानाचा प्रश्न’. मी म्हटलं, खोडा ते. सन्मान कुठला लागलाय आम्हांला? मुतायला जायचंय, मुतायला! लिहा तसंच. मग काजवाली फिसकन हसली, मग सगळ्याच. आणि वकीलबाईने चष्मा वर सारला आणि लिहिलं. नुसतं लिहिलं नाही — पुढे त्या कामगार अधिकाऱ्यासमोर, कोट घातलेल्या बाप्यांच्या त्या खोलीत, तिने तो शब्द उच्चारला. ठणठणीत. आवाज खाली न आणता. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तेव्हा मला कळलं की वकिली काय असते. आपला शब्द दुसऱ्याने उचलायचा आणि तो न धुता, न वाळवता जसाच्या तसा पुढे न्यायचा. तुला हे लागेल पुढे, लक्षात ठेव.

पण नुसत्या तक्रारीने फळकुट खिळ्यावरून हलतं होय? तारखा पडत राहिल्या. कुणी म्हणालं, उपोषण करा. काजवाली म्हणाली, ‘उपाशी आपण आहोतच, त्यात नवीन काय? त्यापेक्षा पोटभर पाणी पिऊ.’ गंमत म्हणून म्हणाली गं! पण मी तिथेच थांबले. मी म्हटलं, परत बोल. आणि मग आम्ही ते केलं. सकाळी घंटा व्हायच्या आधी नळावर रांग. कॉलरवाल्या, बाहीवाल्या, इस्त्रीवाल्या, सगळ्या. तांब्याने प्यायलो. आपला भरला तांब्या दुसरीच्या हातात. पोटं नुसती टणक झाली. मुकादम बघत होता, म्हणाला, ‘आज काय, तहान लागलीय वाटतं?’ मी म्हटलं, ‘हो साहेब, बऱ्याच वर्षांची आहे.’

मग बसलो मशीनवर. आणि थोड्या वेळाने मी हात वर केला. माझ्यामागून काजवालीने. तिच्यामागून बाहीवाल्यांनी. मग सगळा मजला हात वर! मुकादम ओरडतोय, ‘एकेक! एकेक!’ — आणि आम्ही उठलो. फळकुट एक, ते खिळ्यावरून ओढून माझ्या गळ्यात, माझ्या खांद्यावर काजवालीचा हात, तिच्या खांद्यावर पुढचीचा, अशी माळ, मशीनपासून जिन्यापर्यंत. मशिनी बंद. मशिनी बंद झाल्यावर त्या मजल्यावर किती शांत असतं हे आम्हांला तोवर माहीतच नव्हतं. आणि मुकादम आडवा आला तशी मी ते फळकुट काढलं आणि त्याच्याच गळ्यात घातलं. म्हटलं, ‘आधी तुम्ही जाऊन या, आम्ही थांबतो.’ अगं, बायका अशा हसल्या — अशा हसल्या की हसता हसता काहींचं तिथेच झालं. पोट भरलेलं ना! पण सांगते तुला, एकीनेही तोंड लपवलं नाही. फरशी ओली, आणि आम्ही हसतोय, आणि मुकादम गळ्यात लाल पाटी घालून मध्ये उभा. तेवढं चित्र काढून लाव तुमच्या प्रदर्शनात. काढशील? नाही ना?

त्यानंतर फळकुट गेलं. अधिकारी आला, मालकाने मान खाली घातली, खिळासुद्धा उपटला. जाताना मी ते पिशवीत घालून घरी आणलं. चोरी म्हण हवं तर.

इथेच संपवायचंय तुला पुस्तकात. दिसतंय मला. मालक सुधारला, आजी जिंकली, आजी स्टेजवर बसली, आजी म्हणाली आता सगळं ठीक आहे. आणि माझी सूनबाई? तिचं काय करणार? तुझ्या साहेबांनी सांगितलं नाही तुला की ती त्याच मजल्यावर आहे — होती — बटणांवर? मान खाली घातलीस. म्हणजे सांगितलंय. बरं झालं, आता आडपडदा नको.

आता फळकुट नाही, आता कार्ड आहे. दाराला कार्ड लावायचं, दार उघडतं, आणि इकडे मशीनवर दिवा लागतो. कुठल्या रंगाचा? लाल! रंग तरी बदलायचा मेल्यांनी! परत येऊन बसेपर्यंत तो दिवा डोक्यावर जळत राहतो, आणि वर काचेच्या खोलीत बसलेला सुपरवायझर मोजतो. सूनबाई घरी येऊन सांगायची, मी चिडायचे, म्हणायचे, चला सगळ्या पाणी प्या. ती म्हणायची, ‘आई, आता तसं नाही होत. दार कुणी अडवतच नाही हो. नुसतं बघतात.’ माझी सून फार बोलणारी नाही. मला वाटायचं, नरम आहे. मुलगा मला म्हणाला होता लग्नाच्या वेळी, तुझ्यासारखी नाही म्हणून आणली. आणि त्या नरम बाईने काय केलं माहितेय? उरलेल्या कापडाची टोपडी शिवली. बाळाची असतात तशी, इवलीइवली, कडेला नाडी. आणि सकाळी लवकर जाऊन एकेका दिव्याच्या डोक्यावर एकेक बांधलं. सगळ्या लाइनीला टोपडी! कुणाला फुलाफुलांचं, कुणाला चौकड्यांचं. दिवे आत लागत असतील ते लागोत, बाहेर दिसतंय काय — टोपडं! बायका दिवसभर हसत होत्या म्हणे. मी ते ऐकून इतकी हसले की मला ठसका लागला, आणि मग न्हाणीत जाऊन रडले. का ते विचारू नकोस. काजवालीला सांगायला हवं होतं, एवढंच. ती गेली ना. मूत्रपिंडं. डॉक्टर विचारत होता तिला, ‘आजी, पाणी कमी पिता का हो?’

आणि सूनबाईला घरी बसवलं. कंपनीच्या यंत्रांशी छेडछाड, चौकशी होणार. आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या साहेबांचा निरोप — आजी, पुस्तकाचा कार्यक्रम कारखान्याच्या हॉलमध्ये, मालक स्वतः येणार, तुम्ही दोनच वाक्यं बोला, आणि मग सूनबाईंचं ते प्रकरण, म्हणजे, बघू, मिटेल. ‘मिटेल’ म्हणाले. मिटवू म्हणाले नाहीत. शब्द कसे जपून वापरतात!

मुलगा म्हणतो, ‘आई, दोन वाक्यांनी काय होतंय? बोलून टाक. घर तिच्या पगारावर चालतं.’ खरं आहे, चालतं. त्याचं काम कधी असतं, कधी नसतं. मी त्याला बोलले नाही, तो वाईट नाही, घाबरलेला आहे. मी सूनबाईकडे बघितलं. ती भांडी विसळत होती. मी म्हटलं, तू सांग, तुझी नोकरी आहे. तिने हात पुसले आणि म्हणाली, ‘आई, तुम्ही ते बोललात तर मला परत घेतील. पण मग मी त्या लाइनीत कुठल्या तोंडाने बसू?’ एवढंच. आणि परत भांडी. नरम म्हणे! आणि तू म्हणतेस, आजी, जरा विचार करा.

केला विचार. आता तू सांग — मघापासून तुझा पाय का हलतोय? एकावर एक टाकतेस, परत खाली घेतेस. थंडी वाजतेय? मग? ... अगं, मग बोलली का नाहीस? मला हक्क समजावून सांगायला आलीस आणि स्वतः मांड्या आवळून बसलीस! कधीपासून? ऑफिसातून निघाल्यापासून? तिथे नाही का बायकांची सोय? आहे. मग? किल्ली. कुणाकडे? साहेबांच्या खणात! आणि मागायला जायचं म्हणजे त्यांच्या खोलीत, सगळ्यांसमोर — असं होय. आणि त्या किल्लीला काय बांधलंय गं, हरवू नये म्हणून? सांग ना. लाकडाचा ठोकळा. अरे देवा. रंग विचारत नाही मी. नाही, हसत नाहीये तुला. त्यांना हसतेय. जा आधी. तो पडदा सरकवला की डावीकडे, दिव्याचं बटण बाहेर आहे. फोन? राहू दे चालू इथेच, मी काही त्याला खाणार नाही. जा!

हां. गेली. आता तू आणि मी, बाबा. ऐकतोयस ना? तुमच्या साहेबांना सांग, आजी कार्यक्रमाला येणार आहे. खुर्चीवर बसणार आहे. बोलणार आहे, पण त्यांची दोन वाक्यं नाही, माझी. पहिलं, तो लाल दिवा काढा. दुसरं, सूनबाई माझ्याशेजारी बसेल, तिच्यासाठी आणखी एक खुर्ची मांडा, आणि ती नसेल मांडायची तर मी माझी तिला देईन आणि उभी राहीन, गुडघे अजून शाबूत आहेत. आणि माईक बंद केलात तरी हरकत नाही, मशिनींच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय आहे मला. नोकरी गेली तर जाईल. घरात माझं जुनं मशीन आहे, दोघी शिवू, टोपडी शिवू, गावभर विकू. आणि हो — स्टेजवर पाण्याचा मोठा तांब्या ठेवा. मी सगळा पिणार आहे. मग बघू कोण मोजतं.

आलीस? बरं वाटलं ना? चेहराच उतरला होता तुझा. ऐकशील ते घरी जाऊन, मी बोललेय त्यात. त्यातला शब्द धुऊन वाळवून नेऊ नकोस, जसाच्या तसा ने. घाबरतेस? घाबर. मीही घाबरलेच होते, पण मूत्राशय भरलेलं असलं की भीतीला जागा राहत नाही. आता मी जरा आत जाऊन ये —

बघितलंस. या वेळी माशी नव्हती, ठाऊक आहे मला. हात वर गेला. जातो. आपोआप जातो गं, माझ्याच घरात, खोलीत कुणी नसलं तरी जातो. सूनबाई म्हणते, ‘आई, कुणाची परवानगी मागताय?’ त्या मजल्यावरून मी खिळा उपटवला, फळकुट घेऊन आले, आणि हा मेला हात — हा तिथेच राहिला. हे काही मी कुणाला सांगत नाही. मुलालाही ठाऊक नाही. ते बंद कर. बंद कर म्हणते ना!

... नको. राहू दे. हे पण ने. हातासकट ने. त्यांनाही कळू दे, कार्ड गेलं, दिवा गेला तरी माझ्या सुनेच्या अंगात काय उरेल ते.

ऊठ आता, उशीर होतोय तुला. आणि इथे बसून माझ्याकडे असं बघत राहू नकोस, मी आत चाललेय. विचारत नाहीये, सांगतेय. जाताना दार नुसतं ओढून घे, बाहेरून कडी लावायची नाही. — आणि तो ग्लास. अजून अर्धा आहे. पिऊन जा.